सहा खाडाखोडी

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तपासनीसबाई तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी खुर्चीत म्हातारी बसली होती. केस विंचरलेले, कपड्यांना इस्त्री, गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. उजवा हात तिनं डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

"प्रश्न आजींना आहेत," तपासनीसबाई सुनेला म्हणाल्या. "उत्तरंही त्यांनीच द्यायची. घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही, तसा नियम आहे."

सून मान हलवून दाराशी उभी राहिली. पॅकिंगच्या कारखान्यानं तिची जुनी जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. सरकारी भत्त्याचा हा अर्ज फेटाळला गेला, तर एक तारखेपासून ती कामावर जाणार होती आणि म्हातारी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत घरात एकटी राहणार होती.

"आजी, अंघोळ कोण घालतं?"

"कोण म्हणजे? माझी मी करते."

तपासनीसबाईंनी लिहिलं, स्वतः.

"कपडे?"

"चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवले. माझे मला घालता येणार नाहीत?"

"जेवण?"

"हात आहे, तोंड आहे. घास काही वाट चुकत नाही."

खुर्चीतून उठणं, स्वतः. औषधं, स्वतः. सहावा प्रश्न तपासनीसबाईंनी आवाज खाली आणून विचारला. संडासला नेणं, स्वच्छ करणं. म्हातारीनं खिडकीबाहेर बघितलं.

"स्वतः."

सून दाराच्या कडीवर नजर लावून उभी होती.

तपासनीसबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "एकूण बारा प्रश्न. त्यातल्या निदान सात गोष्टींना मदत लागत असेल तर भत्ता मिळतो. सहा तर इथंच गेले. पुढचे विचारून उपयोग नाही. सूनबाईंचा अर्ज नामंजूर होईल."

"तिचा? अर्ज तर माझ्या आजारपणाचा आहे."

"आजारपण तुमचं. भत्ता देखभाल करणाऱ्या माणसाला मिळतो, त्याच्याच खात्यात. घरात आजारी माणसाचं जे करतात, ते या वर्षापासून सरकारनं काम म्हणून धरलंय."

"काम म्हणून?"

"हो. नोकरी असते तसं."

म्हातारीनं डावा हात बाजूला घेतला. दाबून ठेवलेला उजवा हात मांडीवर थरथरायला लागला. तो तिनं तसाच राहू दिला.

"पेन उघडा, बाई. पहिल्यापासून घ्या."

तपासनीसबाईंनी टोपण काढलं.

"अंघोळ ती घालते. पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघते, मग माझ्या अंगावर. ही बटणं आज सकाळी तिनंच लावली, तुम्ही येणार म्हणून. जेवण भरवते. मी चिडून तोंड फिरवलं की काही बोलत नाही. पाच मिनिटं थांबते आणि पुन्हा घास पुढे करते. खुर्चीतून उठवायचं तर आधी वाकून माझे पाय जमिनीवर नीट टेकवते. गोळ्या चुरून देते, मला गिळता येत नाहीत."

"आजी, मदत लागते, एवढंच लिहायला जागा आहे."

"मग बारीक अक्षरात लिहा. आणि सहावं. तेही तीच. चार वर्षांत तिनं एकदा नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. मुरडलं असेल तर माझ्या पाठीमागे."

"आई, पुरे झालं," सून म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही," म्हातारी म्हणाली. "सरकारी नियम आहे."

पुढचे सहा प्रश्न लवकर झाले. फोनवर बोलायला मदत लागते का, यावर म्हातारी म्हणाली, "ते मात्र माझं मी करते. खोटं लिहू नका." बारापैकी अकरा झाले.

पण पहिली सहा उत्तरं खोडून नव्यानं लिहिलेली होती. प्रत्येक खाडाखोडीशेजारी अर्जातल्या आजारी व्यक्तीची सही हवी, हात कुणी धरायचा नाही, असं फॉर्मच्या तळाशी छापलं होतं. सून पुढे झाली होती ती पुन्हा मागे सरली.

सहा सह्यांना सव्वीस मिनिटं लागली. पहिलीत आडनावापर्यंत वाचता येत होतं. तिसरी चौकटीबाहेर गेली. सहावी म्हणजे नुसतीच एक रेघ होती, मध्येच तुटलेली. तपासनीसबाईंनी घाई केली नाही. फॉर्म पिशवीत ठेवताना त्या म्हणाल्या, "माझ्याकडून शिफारस आहे. बाकी वरच्या टेबलावर."

सून त्यांना जिन्यापर्यंत सोडून परत आली. ती काहीतरी बोलणार, इतक्यात म्हातारी म्हणाली, "बघतेस काय? वरचं बटण सोड. सकाळपासून गळ्याला काचतंय."

"मग सकाळीच सांगायचं नाही का?"

"सकाळी माझं मी करत होते ना," म्हातारी म्हणाली.

एकविसाव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. सुनेनं ते उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. सहा ठिकाणच्या सह्या एकमेकींशी जुळत नसल्यानं अर्ज निर्णयासाठी पुढे जाऊ शकत नाही. घरी येऊन फेरतपासणी करण्यात येईल. दिनांक नंतर कळवण्यात येईल.

महिना संपायला पाच दिवस होते. सुनेनं पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, तारीख कुठं लिहिली आहे का ते पाठीमागेही पाहिलं.

"पुन्हा सगळं विचारणार का गं?" म्हातारीनं विचारलं.

"हो, आई. पहिल्यापासून."

"बरं झालं. मागच्या वेळी दोन गोष्टी सांगायच्या राहून गेल्या होत्या."

त्या कोणत्या, ते तिनं सुनेला सांगितलं नाही. फेरतपासणीची तारीख अजून आलेली नाही.