विहिरीतला खुळखुळा

जानेफळकडच्या विहिरींत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायला सहदेव आणि त्याच्या बायकोचा भाऊ प्रसेनजित पाठीला हवेची टाकी बांधून उतरायचे. गढूळ पाण्यात हाक मारता येत नाही, म्हणून प्रसेनजितनं बीटी कपाशीवर फवारायच्या औषधाच्या रिकाम्या डब्यात सायकलचे छर्रे घालून खुळखुळा केला होता. तो वाजला की सहदेवनं वळून पाहायचं, असं ठरलेलं.

पण हा पठ्ठ्या बेडूक दिसला तरी वाजवायचा, कासव दिसलं तरी वाजवायचा. सहदेवचं डोकं उठायचं. एके दिवशी उतरण्याआधी त्यानं प्रसेनजितची नजर चुकवून काठावरच्या कपाशीचा कापूस वेचला, डब्यात गच्च कोंबला आणि झाकण घट्ट बसवलं.

"आता वाजव बे," तो मनाशी हसला.

खाली काहीच ऐकू आलं नाही. मोटारीला दोर बांधून तो निवांत वर आला. प्रसेनजित आला नाही. त्याला काढलं तेव्हा पायाला केबलचा पीळ बसलेला होता आणि डबा मुठीत होता. सहदेवनं तो गुपचूप उघडून पाहिला. कापूस तसाच गच्च होता. त्यानं डबा पुन्हा विहिरीत भिरकावला.

प्रसेनजितच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून माणसं पांगली. भर दुपारी सहदेव जेवायला बसला, आणि पाठीमागं छर्रे खुळखुळले.

तो मान खाली घालून भाकर मोडत राहिला. छर्रे पुन्हा खुळखुळले, अगदी कानाशी. भाकरीवर गढूळ पाण्याचा थेंब पडला.

समोर बसलेल्या अन्नपूर्णेनं नवऱ्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"अवो, मांगं पाहा नं," ती म्हणाली. "माहा भाऊ कवाचा बोलावून राह्यला तुमाले."