शहाणं बाळ

दंडावरच्या गळवाला डॉक्टरीणबाईंचं बोट लागताच पन्नाशीच्या दिगंबररावांनी स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र नाही.

"शिकवलंय आम्ही," मतिमंदांच्या त्या संस्थेतल्या मावशी कौतुकाने म्हणाल्या. "आधी नुसतं बोंबलायचं, मग फटके खायचं. आता शहाणं झालंय बाळ. भूल कशाला देताय? यांना कुठं कळतं दुखलेलं!"

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मावशींना बाहेर काढून त्यांनी दार धाडकन लावलं.

"दिगंबरराव, दुखलं की ओरडायचं. हं, असं!" आणि अख्खी संस्था दणाणेल अशा आवाजात त्या ओरडल्या.

दिगंबररावांचे हात तोंडावरून निघाले. भेदरून दाराकडे बघत त्यांनी ते घाईघाईने डॉक्टरांच्या तोंडावर दाबून धरले.