केनच्या घळीवर

“या ना, इथून खाली केन नदी दिसते,” नीलकंठ म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

कांचननं वळून वडिलांकडे पाहिलं. रघुनाथरावांनी हसून मान डोलावली. साखरपुडा परवावर आला होता. आता हाताला हात लागला तर काय बिघडणार होतं? मुलगा नागपूरचा, बँकेत नोकरीला. झाशीत राहून मुलीला असं मराठी स्थळ मिळणं म्हणजे देवच पावला. म्हणून तर रघुनाथरावांनी रेल्वेच्या ऑफिसातून रजा काढली, जीप ठरवली आणि पाहुण्यांना पन्नाचं जंगल दाखवायला आणलं. नुकतंच ते राष्ट्रीय उद्यान झालं होतं.

वाटभर मुलाची आई, शकुंतलाबाई, कांचनच्या बोलण्यात खोट काढत आल्या होत्या. “‘अच्छा जी’ काय? ‘बरं’ म्हणावं. आमच्याकडे ही हिंदीची भेसळ चालायची नाही हो.” कांचन मग ओठ मिटूनच बसली.

पण घळ पाहिली आणि ती सगळं विसरली. नदीनं कापून काढलेले उभे कडे. कुठं गुलाबी, कुठं राखाडी, कुठं काळे कुळकुळीत. पार तळाला हिरवं पाणी. तिनं नीलकंठचा हात धरला, पाऊल टाकलं आणि पायाखालचा दगड सरकला.

ती घसरली. दोन्ही पाय कड्याबाहेर लोंबले. तिनं नीलकंठचा हात घट्ट आवळला. त्यानं हिसडा दिला, बोटं सोडवून घेतली आणि मागे उडी मारली.

तेवढ्यात तिच्या मनगटावर कुणाची तरी पकड बसली. शकुंतलाबाई खडकावर पालथ्या पडल्या होत्या. एका हातात कांचनचं मनगट, दुसऱ्यात तिची वेणी.

“अहो, धरा कुणीतरी!”

ड्रायव्हर आणि रघुनाथराव धावले. तिघांनी मिळून तिला वर ओढलं.

कांचन तिथंच खडकावर बसली. कोपरं सोलवटली होती.

“दोघंही गेलो असतो, आई,” नीलकंठ म्हणाला.

शकुंतलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पातळाची माती झटकत त्या उठल्या.

“रघुनाथराव, ही सोयरीक होणार नाही.”

रघुनाथरावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हात जोडले. “विहीणबाई, असं नका करू. पाय काय, कुणाचाही घसरतो. माझ्या मुलीला अपशकुनी ठरवू नका. बिरादरीत कुठं तोंड दाखवू मी?”

कांचननं मान खाली घातली. मरता मरता वाचले, त्यातही चूक माझीच, तिच्या मनात आलं.

शकुंतलाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. पदराच्या टोकानं तिच्या कोपराचं रक्त टिपलं. उत्तर रघुनाथरावांना द्यायचं होतं, पण त्या बोलल्या कांचनशी.

“लग्न ठरल्यावर आम्ही कन्हान नदीवर गेलो होतो, बाळ. पाण्याला ओढ होती. ह्याच्या वडिलांनीही माझा हात असाच सोडला. मी मनाशी म्हटलं, घाबरले असतील. आणि हळद लावून घेतली.”