ज्याला आक्षेप, त्यानं उभं राहायचं

ती उभी राहिली आणि खोलीतले सगळे एकदम गप्प झाले.

खरं तर तिनं काहीच केलं नव्हतं. दार उघडून मोठ्या बाई आत आल्या, म्हणून ती उठली. पहिलीपासून कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत शिक्षक वर्गात आले की ती अशीच उठत आली होती. बाकी कुणी उठलेलं नाही हे तिच्या लक्षात आलं, तोवर खुर्ची सरकल्याचा आवाज खोलीभर होऊन गेला होता.

घरापासून दोन विमानं लांब असलेल्या या आर्किटेक्ट ऑफिसात ती इंटर्न म्हणून आली होती. इथल्या सोमवारच्या बैठकीची एक रीत होती. हात वर करायचा नाही, मध्येच तोंड घालायचं नाही. ज्याला आक्षेप असेल त्यानं उभं राहायचं. त्याचं बोलून होईपर्यंत दुसऱ्या कुणी चकार शब्द काढायचा नाही. एरवी बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या असत, त्यामुळे उठायचा प्रश्नच आला नव्हता. आज त्यांना उशीर झाला आणि हिचे पाय हिच्या डोक्याला न विचारता सरळ झाले.

"बोल," मोठ्या बाई म्हणाल्या.

'मोठ्या बाई' हे नाव तिनं आपलं मनातल्या मनात ठेवलेलं. ऑफिसातले सगळे त्यांना खुशाल नावानं हाक मारत. त्या तर ऑफिसच्या मालकीण, आणि वयानं आईएवढ्या. हिची जीभ काही केल्या वळेना. मग काम असलं की ही त्यांच्या टेबलाजवळ जाऊन नुसती उभी राही आणि त्यांनी वर बघायची वाट पाही.

काय बोलायचं, हा प्रश्न नव्हता. बोलण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत होती. टेबलावर एका शाळेचं पुठ्ठ्याचं मॉडेल ठेवलं होतं. आराखडा बाईंचा, मॉडेल हिच्या हातचं. दोन दिवसांपूर्वी डिंक वाळेपर्यंत करायचं काय, म्हणून तिनं टेबललॅम्प पश्चिमेच्या बाजूनं धरून पाहिला, कललेल्या सूर्यासारखा. वर्गाच्या मागच्या भिंतीत बाईंची लाडकी भलीमोठी खिडकी होती. तिच्यातून उजेड सरळ समोरच्या फळ्यावर पडला. फळा नुसता चमकायला लागला.

तेव्हा तिनं दिवा बंद केला आणि मुकाट्यानं पुढची भिंत चिकटवली. एवढ्या अनुभवी बाई, त्यांनी विचार केलाच असेल, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळंच होतं. शाळेचं बांधकाम सुरू झालं की पुढच्या सत्रात दोन इंटर्नपैकी एकालाच परत बोलावणार होते. दुसरा मुलगा इथलाच, तोंडाचा पट्टा कायम सुरू असलेला. ती जागा हिला हवी होती, मनापासून हवी होती. आपण चिकटवलेल्या भिंती खऱ्या विटांत उभ्या राहताना तिला बघायच्या होत्या. आणि निघताना आईनं बजावलं होतं, "तिथे जाऊन शहाणपणा पाजळू नकोस. मोठ्यांच्या चुका काढायला तुला पाठवत नाही."

'सॉरी, चुकून उठले' एवढं म्हटलं असतं तर सगळे हसले असते आणि विषय तिथेच मिटला असता. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात तिची नजर मॉडेलमधल्या त्या वर्गावर गेली. फळा न दिसणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पाचवीचं अख्खं वर्ष तिनं शेजारणीच्या वहीत डोकावून काढलं होतं आणि त्यापायी बोलणी खाल्ली होती.

"या वर्गात दुपारनंतर फळा दिसणार नाही," ती म्हणाली.

एकदा सुरुवात झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. आवाज कापला नाही. तिनं दिवा मागवला, पश्चिमेकडून धरला, सगळ्यांना वाकून बघायला लावलं. खिडकी काढायची गरज नाही, ती सुंदरच आहे, असंही वर सांगितलं. "बाकं फिरवू या. फळा बाजूच्या भिंतीवर घेऊ. मग खिडकी मुलांच्या डाव्या हाताला येईल."

बाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतः फळ्याचा तुकडा उचकटला आणि बाजूच्या भिंतीला लावून पाहिला.

बैठक उठल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. "पुढच्या सत्रात तू ये," त्या म्हणाल्या. "इथं जुनी माणसंसुद्धा माझ्या खिडकीला हात लावायला धजत नाहीत."

मिळालं ते पदरात पाडून घ्यावं आणि गप्प बसावं, हेच शहाणपणाचं होतं. पण न केलेल्या धाडसाचं कौतुक तिच्या घशाखाली उतरेना.

"मी आक्षेप घ्यायला उठलेच नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही आत आलात म्हणून उठले. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"ते मला तेव्हाच कळलं. ज्याला आक्षेप असतो तो मॉडेलकडे बघत उठतो. तू माझ्याकडे बघत होतीस."

"मग मला 'बोल' का म्हणालात?"

"मला वाटलं, चुकून उठले म्हणशील आणि बसशील." बाई हसल्या. "उठलीस ती सवयीनं. पण बसली नाहीस, ती काही सवयीनं नव्हे."