खजुराचा जामीन

शुक्रवार, दिनांक १० मार्च १९८९, दुपारच्या नमाजानंतर. बसऱ्याच्या दक्षिणेस, अबुल खसीब गावी, झाकियाच्या अंगणात.

खजूर वांझ राहिला की त्याला धमकावण्याची तेथे रीत आहे. एकाने कुऱ्हाड उगारावी, दुसऱ्याने झाडाला जामीन राहावे. घाव तीनच, आणि तेही कुऱ्हाडीच्या पाठीने. मालकिणीने मध्ये बोलू नये.

कुऱ्हाड झाकियाच्या दिराच्या, सबरीच्या हाती होती. जामीन होते शेजारचे हाजी दाऊद. आठ वर्षांपूर्वी आघाडीवर निघताना तिच्या मुलाने, मुहन्नदने, थुंकलेली खजुराची बी झाकियाने तुपाच्या डब्यात रुजवली होती. युद्ध संपले; मुलगा परतला नाही, त्याचे प्रेतही आले नाही. या झाडाला फळ धरले तर मुलगा जिवंत, असा कौल तिने लावला होता.

"तोडतो बघ तुला!" सबरीने पहिला घाव घातला. "आठ वर्षं नुसतं पाणी ढोसतोयस!"

"राहू दे, मी जामीन," दाऊद ठरलेल्या सुरात म्हणाले. "यंदा धरेल."

दुसरा घाव.

"राहू दे, मी जामीन."

तिसऱ्या वेळी सबरीने कुऱ्हाड हातात फिरवली आणि पाते बुंध्यात रुतले.

"अरे, पाठीनं!"

"माझे दोघे पोरगे मी या हातांनी पुरले, हाजी. त्यांना कोण राहिलं जामीन? हिचा तेवढा झाडाला लागणार!"

दाऊद दांड्याला लोंबकळले. सबरीच्या कोपराने त्यांचा ओठ फाटला. झाकियाने दिराच्या मनगटात दात रोवले आणि रक्त आले तरी सोडले नाहीत. झटापटीत भरकटलेल्या घावाने एक झावळी तुटून पडली व कुऱ्हाड निसटली. झावळीमागे, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, फुलाची मिटलेली तपकिरी पोय उभी होती.

दाऊदांनी ती चाकूने चिरली. परागाची पिठासारखी पांढरी धूळ उडाली आणि त्यांच्या रक्ताळलेल्या दाढीवर बसली.

झाड नर होते. याला फळ कधीच धरणार नव्हते.

झाकियाने तोंड पुसले, कुऱ्हाड उचलली आणि पात्यानेच घाव घातला. एक. दोन. ती धमकावत नव्हती, तोडत होती. तिसरा घाव उतरला तेव्हा सबरी बुंध्याला पाठ लावून उभा होता. पाते त्याचा सदरा फाडून बरगडीपाशी थांबले.

"सोड त्याला, वहिनी. मी जामीन."

"कशाचा? फळाचा?" ती किंचाळली. "मुहन्नद मेला म्हणायचंय तुला. म्हण ना एकदा!"

"मुहन्नदचं मला ठाऊक नाही." सबरीने हलण्याचे नाव घेतले नाही. "तोफांनी गावातला एकही नर ठेवला नाही. माझ्या अकरा माद्यांना या धुळीवाचून गेल्या साली बिनबियांचं पोचट फळ आलं. गुरांनीसुद्धा तोंड लावलं नाही."

कुऱ्हाड तिच्या हातात तशीच होती. तिने दाऊदांकडे पाहिले.

त्यांनी तोंडातले रक्त जमिनीवर थुंकले.

"नर आहे," ते म्हणाले. "ठेवायचा."