गाडीची उष्टी हळद

अणशीहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आम्ही कुंभारवाड्याला नवरीच्या घरी निघालो होतो. गाडी माझी, या भागात भाड्यानं धावणारी, पंचवीस वर्षांची. हळदीची वाटी नवऱ्याच्या आत्याच्या, इंदुबाईच्या मांडीवर. चढणीला काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. रेडिएटरला बारीक भोक पडलं होतं. जंगलात मोबाइलला रेंज नव्हती, आणि ही हळद पोचल्याशिवाय तिकडं नवरीला हळद लागणार नव्हती.

बॉनेट उघडून मी इंजिन निवू दिलं. मग भीतभीत म्हणालो, "आत्या, पाण्यात हळद सोडली की भोक बुजतंय. जुना इलाज हाय."

"ही नवरीच्या अंगाची हाय, धाकलू!"

"आन् गाडीच पोचली न्हाई तर?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि वाटी पुढं केली. ओढ्याचं पाणी आणून मी त्यात हळद कालवली आणि रेडिएटरमध्ये ओतली. धार थेंबावर आली, मग थेंबही थांबला.

मांडवात पोचल्यावर आत्यानं वाटीच्या तळाची बोटभर हळद दाखवून सगळं खरं सांगितलं. "आता ही नवऱ्याची उष्टी ऱ्हायली न्हाई, पोरी. गाडीची उष्टी झाली."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. नवरीनं, सुनयनानं, मांडवाबाहेरच्या गाडीकडं पाहिलं आणि गाल पुढं केला.

"लाव, आत्या. मी जन्मले तवा दवाखान्यातनं मला घरी आणलेली हीच गाडी. थोरल्यांची उष्टी लावून घ्यायला लाज कसली?"