जावईबापूंची पारख

जावयाने सडक्या कोळंबीच्या आमिषात बरबटलेले हात मागे नेले आणि सासऱ्यांच्या लाइफ जॅकेटला पुसले. स्वतःच्या पँटला पुसावेत, इतक्या सहज.

"सॉरी बाबा," तो म्हणाला, आणि त्याच हातांनी सँडविच काढलं. "अर्धं घेता?"

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. धुळीचा कण दिसला तरी चिमट्याने उचलून टाकायचा, अशी त्यांची रीत. आणि आज या वयात ते भर समुद्रात वॉटर स्कूटरवर जावयाच्या घामट पाठीला चिकटून बसले होते.

हे सगळं लेकीपायी. तीन आठवड्यांपूर्वी ती बॅग घेऊन माहेरी आली होती. सुट्टी आली की नवरा स्कूटरला गळाच्या काठ्या खोचून पसार व्हायचा आणि अंगाला माशांचा वास घेऊन घरी उगवायचा. "बाबा, तुम्ही एक सकाळ त्याच्याबरोबर काढा," ती म्हणाली होती. "माझं डोकं चालेनासं झालंय. तुम्ही म्हणाल तसं करते." जावयालाही हे ठाऊक होतं. म्हणून तर सकाळपासून बाबा पाणी हवंय का, बाबा टोपी घाला, असं चाललं होतं. बिचारा परीक्षेला बसला होता, पण आंघोळ न करता.

मासा लागला. गळ निघेना, तर या गृहस्थाने तो चक्क दातांनी ओढून काढला. मग थुंकला. वारा सासऱ्यांच्या दिशेने होता. त्यानंतर हात पुढे लांबवून माशाचा फोटो काढला, म्हणजे वीतभर मासा हातभर दिसतो. मासा अजून तोंड उघडत होता आणि हा दात काढत होता. सासऱ्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. अशा माणसाच्या घरी आपली लेक परत जाणं शक्य नाही.

तेवढ्यात लांबवर जाळ्याची एक होडी दिसली. एक माणूस तिच्यात उभा राहून हातवारे करत होता. त्यात नवल काही नव्हतं. स्कूटरवाल्यांमुळे जाळी तुटतात, त्यामुळे त्यांना पाहिलं की जाळेवाले हात झटकून हाकलतात आणि वर आईमाईचा उद्धार करतात. हे रोजचंच.

जावयाने मात्र इंजिन बंद केलं.

"बाबा, हा हाकलत नाहीये. हाकलताना एक हात झटकतात. हा दोन्ही हात वर-खाली करतोय. काहीतरी झालंय तिथे."

"नाचत असेल. मला घरी सोडा."

"दहा मिनिटं फक्त. बघून येऊ."

"दहा नाही अन् पाच नाही. आणखी कुणाची घाण मला अंगावर घ्यायची नाही. जावईबापू, आत्ताच्या आत्ता स्कूटर फिरवा. नाहीतर लेकीला काय सांगायचं, ते मी ठरवलंय."

जावई होडीकडे पाहत राहिला. मग त्याने स्कूटर फिरवली. वाटेत दोनदा फोन काढून पाहिला, पण रेंज नव्हती.

धक्क्यावर लेक गाडी घेऊन थांबली होती. जावयाने सासऱ्यांना उतरवलं, वॉचमनला ओरडून बचाव बोटीला आणि अँब्युलन्सला फोन करायला सांगितलं आणि तो तसाच सुसाट परत गेला.

"कसा वाटला?" लेकीने विचारलं.

"किळसवाणा."

"तसं नाही हो. मनाने?"

"मनालाही तोच वास असणार."

तासाभराने जावई आला तो ती होडी ओढतच. होडीत एक जण आडवा पडला होता. त्याच्या हाताला जावयाचा शर्ट गुंडाळला होता आणि शर्ट पुरता लाल झाला होता. हातवारे करणारा त्याचा भाऊ. त्याने धक्क्यावर उडी मारली आणि जावयाचं लाइफ जॅकेट धरलं.

"तू मला पाहिलं होतंस. थांबून पाहिलंस आणि पाठ फिरवलीस. जाळं ओढायच्या चाकात हात गेला होता त्याचा. इंजिन बंद पडलेलं. आणखी पाऊण तास तसाच होता तो."

अँब्युलन्सच्या डॉक्टरने शर्ट सोडवून पाहिलं आणि परत गुंडाळला. हात वाचणार नाही, हे त्याने कुणाला सांगायची गरज उरली नाही.

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे चपलेचा पट्टा नीट करत होते.

"माझं चुकलं," जावई म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखे हाकलताय. बाबांना यातलं काही कळत नाही. मीच परत फिरलो."

लेकीने ऐकलं. नवऱ्याच्या अंगाचा वास तिने कसाबसा सहन केला असता. आता मात्र तिला त्याच्याकडे बघवेना. ती वडिलांना घेऊन गाडीत येऊन बसली. तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"बाबा, तुम्ही मागेच बसला होतात ना? मग तुम्ही तरी त्याला सांगायचं, आधी तिकडे जा म्हणून."

सासऱ्यांनी आपल्या बाजूची काच वर केली.

"सांगितलं की," ते म्हणाले. "पण माझं ऐकतात कुठे ते?"